चटणी तीच, पाकीट बदललं, तर गिऱ्हाईक म्हणतंय चव बदलली. असं का होतंय?

शाहूपुरीची_सून

नमस्कार मंडळी, जरा डोकं चालवा, मी तर पार गोंधळून गेलोय. आमची घरगुती कांदा-लसूण चटणी आहे, सासूबाईंनी पंधरा-सोळा वर्षांमागं चालू केलेली, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, खोबरं तीळ धणे सगळं घरात भाजून मग डंकावर कांडून आणायची. इतकी वर्षं साधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी, आत पिवळा कागद, त्यावर लाल अक्षरं आणि एक वाकडी मिरची जी माझ्या दिरानं नववीत असताना काढलेली. मला लग्न होऊन आल्यापासनं ते बघून लाजच वाटायची खरं सांगू तर. म्हणून दिवाळीनंतर हौसेनं नवीन पाकीट काढलं, काळं मॅट फिनिश, झिपवालं, सोनेरी अक्षरं, डिझायनरला पैसे मोजून.

आता तीन महिने झाले, दुकानातला खप जवळजवळ निम्म्यावर आलाय. वर फोन येतात, "वहिनी, यंदा लसूण कमी घातलासा काय", "पहिल्यासारखी चव न्हाई हो". अहो माप तेच, डंक तोच, भाजायला सासूबाईच! त्या काही बोलत नाहीत पण चहा देताना कप जरा जोरात ठेवतात.

दुसरी भानगड म्हणजे खप वाढवायला मी महिनाअखेरीला दोनवर एक फ्री चालू केलं, तर आता लोक पहिले तीन आठवडे घेतच नाहीत, पंचवीस तारखेनंतर एकदम उड्या. कुणी मार्केटिंग शिकलेलं असेल तर सांगा, नसेल शिकलेलं तरी सांगा.

गंगावेस_कट्टा

काळ्या पाकिटात चटणी? ताई मला वाटलं असतं कॉफी हाय म्हणून 😄

मस्करी सोडा, आमच्या गंगावेशीत रात्री दूध कट्ट्यावर जावा, समोर म्हैस, समोर धार, फेसाळ ग्लास हातात. आता तेच दूध, त्याच म्हशीचं, बाटलीत भरून घरी दिलं तर मीच पहिला म्हणणार पाणी घातलंय. दूध जिभेनं पितो असं आपल्याला वाटतं, निम्मं तर डोळ्यानंच पितोय की.

लक्ष्मीपुरी_किराणा

ताई, आमचं वडिलांपासनंचं किराणा दुकान, मी स्वतः गल्ल्यावर पस्तीस वर्षं बसतोय, तुमच्यासारख्या घरगुती चटण्या पाच-सहा तरी ठेवतो. तुमचं नेमकं कुठं चुकलं सांगतो, राग मानू नका.

मॉलमध्ये माणूस फिरत फिरत बघतो, बघितल्यावर ओळखतो, उचलतो. आमच्यात तसं न्हाई. काउंटरच्या पलीकडं गिऱ्हाईक उभं असतं आणि त्याला तोंडानं मागायला लागतं. आणि मागताना ब्रँडचं नाव शंभरात दहाजण पण घेत नाहीत. परवाचंच सांगतो, सहा-सात वर्षांचं पोरगं आलं, मुठीत नोट चुरगळून धरलेली, वाटेत घोकत आलेलं असणार, एका दमात बोललं, "अर्धा किलो साखर, एक निळा साबण आणि आज्जीनं सांगितलंय पिवळी मिरचीवाली चटणी". आता तुमच्या पाकिटावर पिवळी मिरची कुठं होती सांगा. कागद पिवळा, मिरची लाल, पण त्या घरात तुमच्या चटणीचं नाव "पिवळी मिरचीवाली" पडलंय. मी काळं पाकीट पुढं केलं तर पोरगं म्हणतंय हे न्हवं. आता मी त्याला समजावत बसू का मागं लाइन लागलेली सांभाळू? शेजारच्या कंपनीचं पिवळं पाकीट दिलं, गेलं खुश होऊन.

अशी किती पोरं गेली असतील बघा. तुमच्या पाकिटावर नाव काय लिहिलंय ते मला पण आत्ता विचार करूनच आठवायला लागतंय. टूथपेस्टला अजून निम्मी माणसं "कोलगेट द्या" म्हणतात आणि मग मीच विचारतो "कुठलं कोलगेट?", तर दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगतात. वनस्पती तुपाला डालडा, फोटोकॉपीला झेरॉक्स, तसंच हे.

कॉमर्सचा_मास्तर

काका, तुम्ही जे सांगितलंत तेच मी वर्गात फळ्यावर दोन लेक्चर लावून शिकवतो आणि पोरं झोपतात. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. समोर दिसल्यावर "हां, हेच ते" म्हणायला मेंदूला फार कष्ट नसतात, पण समोर काही नसताना आठवून सांगायचं म्हणजे काहीतरी खुंटी लागते, रंग, चित्र, गाण्याची ओळ, कायपण. ताईंनी चटणी ठेवली आणि खुंटीच उपटली.

यावर एक प्रसिद्ध प्रकरण आहे. अमेरिकेत ट्रॉपिकाना नावाचा संत्र्याचा ज्यूस, तेव्हा पेप्सिकोकडं होता. खोक्यावर संत्र्यात स्ट्रॉ खुपसलेलं चित्र. 2009 च्या जानेवारीत त्यांनी ते काढून स्वच्छ सुंदर नवीन खोकं आणलं, त्यावर ज्यूसचा ग्लास. ज्यूस तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री 20 टक्क्यांनी पडली, लोकांना रॅकवर आपला ज्यूस सापडेना, आणि कंपनीनं मुकाट्यानं जुनं खोकं परत आणलं. एवढी मोठी कंपनी फसली तर ताई तुम्ही कशाला वाईट वाटून घेता.

आता चवीचं. पाव्हलॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाचा कुत्रा सगळ्यांना माहितीय, खायला द्यायच्या आधी दरवेळी घंटा, मग नुसती घंटा वाजली तरी लाळ. पण त्यासाठी कुत्र्यापर्यंत जायला नको, रविवारी शेजारच्या घरातनं तांबड्याची फोडणी आली की आपलं काय होतं बघा. तुमच्या गिऱ्हाइकानं पंधरा वर्षं पिवळा कागद बघितला आणि पाठोपाठ ती चव खाल्ली, त्यामुळं कागद बघितला की जीभ आधीच तयार. काळं पाकीट बघून तयार होत नाही, आणि मग खाताना "काहीतरी कमी आहे" वाटतं. त्या काहीतरीला नाव द्यायला लागतं म्हणून लसूण. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं लागतं.

ऑफरचं मात्र तुम्हीच शिकवलंय लोकांना. दर महिन्याला पंचवीस तारखेला बक्षीस मिळतंय म्हटल्यावर पाच तारखेला कोण घेईल? पण एका झटक्यात बंदही करू नका. अमेरिकेतल्याच जेसी पेनी नावाच्या जुन्या दुकानसाखळीनं 2012 मध्ये कूपन आणि सेल बंद करून "रोजच रास्त भाव" असं केलं. कागदावर एकदम प्रामाणिक. पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं कूपन कापायला शिकलेलं, त्याला कूपन नसलं की आपण फसतोय असंच वाटायचं, त्या वर्षात विक्री साधारण 25 टक्क्यांनी घसरली आणि पुढच्या एप्रिलमध्ये हे ठरवणाऱ्या बड्या साहेबांना घरी जावं लागलं. तुम्ही किंमत न पाडता कधीतरी, तारीख न ठरवता, मूठभर जवसाची चटणी सोबत द्या. कधी मिळेल ते माहीत नसलं की माणूस तारखेची वाट बघत थांबत नाही.

काकवी_आणि_चपाती

मास्तर बरोबर बोलायलाय, पण शिकवलेलं उलटं पण फिरतंय बगा, आमचं गुऱ्हाळ हाय म्हणून सांगतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 ला जीआय, म्हंजे ह्याच भागातला माल म्हणून सरकारी शिक्का, मिळाला, नाव सगळीकडं. पण गूळ कसला पाहिजे गिऱ्हाइकाला? पिवळाधमक. आता उसाचा रस काईलीत आटवला, भेंडीचं पाणी घालून मळी काढली, दुसरं कायबी घातलं न्हाई तर गूळ निघतो तांबूस, कधी चॉकलेटी. पिवळाधमक व्हायला बऱ्याच ठिकाणी हायड्रॉस म्हणून रंग उजळायची केमिकल पावडर मारतात. हे सगळ्या गुऱ्हाळवाल्यास्नी माहिती, व्यापाऱ्यास्नी माहिती. पण कधीतरी कुणीतरी लोकांस्नी शिकवलं की पिवळा म्हंजे चोख, काळा म्हंजे जळका न्हाईतर जुना. आमच्या बानं एक हंगाम कायबी न घालता गूळ काढला तर सौद्यात त्या गुळाच्या रव्यांस्नी भाव कमी. चांगलं केलं म्हणून कमी! बा त्या रात्री जेवला न्हाई.

आणि आता गंमत बगा. ह्या चार-सहा वर्षांत पुण्या-मुंबईची माणसं येत्यात आणि "काळा आहे का, केमिकल फ्री" म्हणून विचारत्यात, जादा पैसे देत्यात. तोच गूळ. आणि पुढची गोष्ट सांगू का, आता काळा दिसला की त्यो सेंद्रियच असा समज झालाय, म्हंजे उद्या काळा करायची पण पावडर येतीया का बगा.

ताई तुमचा पिवळा कागद लोकांनी स्वतः शिकलाय, तुम्ही पैसे न देता. त्यो सोडू नका एवढंच म्हणतो.

पायताण_लाईन

आमच्यात पण हेच. शिवाजी मार्केटजवळ चप्पल घ्यायला आलेला जुना गडी पायताण घालून चार पावलं चालतो आणि कान देतो, करकर वाजलं तरच पैसे काढतो. तळ तोच, चामडं तेच असलं आणि आवाज नसला की "हे कोल्हापुरी न्हाई" म्हणून ठेवून देतो. तरणी पोरं उलट, आवाज नको म्हणतात, ऑफिसात लाज वाटते म्हणे. प्रत्येकाचं कोल्हापुरी वेगळं.

शंकेखोर_वैदेही

सगळ्यांचं पटलं, पण सगळं मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका प्लीज. मी फूड टेक्नॉलॉजी केलंय म्हणून दोन प्रश्न विचारते.

ताई, जुनी पिशवी पातळ प्लॅस्टिकची होती ना? त्यातनं लसणाचा वास बाहेर यायचा का? पातळ पॉलिथिनमधनं तसले वास आरामात बाहेर पडतात. नवीन झिपवाल्या पाकिटाला आतनं चंदेरी थर असेल तर वास आतच राहणार. टिकायला ते चांगलंच आहे, पण मग दुकानात वास येणार नाही, घरी डब्यात ओतेपर्यंत वास येणार नाही. लसूण कमी वाटण्याचं हे साधं कारण असू शकतं.

आणि एकदा झाकून चाचणी करा. तीन सारख्या वाट्या, दोनमध्ये जुन्या पिशवीतली, एकात नवीन पाकिटातली, वेगळी कुठली ते ओळखायला सांगायचं. ओळखता आली नाही तर चटणी सुटली. ओळखता आली तर चटणीत खरंच काहीतरी फरक पडलाय.

लक्ष्मीपुरी_किराणा

ह्या पोरीचं बरोबर आहे!! आत्ता ट्यूब पेटली. तुमचा माल यायचा तेव्हा बिस्किटाच्या रॅकपासनं लांब ठेवायला लागायचा, सगळी बिस्किटं लसणाची व्हायची, माझी बायको तेवढ्यावरनं भांडायची. दिवाळीनंतर भांडण झालेलं न्हाई.

शाहूपुरीची_सून

मंडळी, रविवारी केली चाचणी. गोदामात जुन्या पिशव्या होत्याच, त्याच दिवशीची चटणी दोन्हीत भरली, आठ दिवस ठेवली. सासूबाई, दोन आत्या, शेजारच्या काकू आणि माझी जाऊ.

वाट्यांमध्ये ठेवली तर एकमत होईना, एका आत्यांनी बरोबर ओळखली ती पण नंतर म्हणाल्या अंदाजानं सांगितलं. मग पाकिटं समोर ठेवून, त्यातनंच काढून भाकरीबरोबर दिली. पाचातल्या चौघी म्हणाल्या पिवळ्यातली झणझणीत, काळ्यातली फिकी. मी मागं उभं राहून हसू दाबत होतो. सासूबाई पाचव्या. त्या म्हणाल्या दोन्ही मीच केल्यात, मला काय विचारता.

आणि वासाचं शंभर टक्के खरं. पिशवीला नाक लावायची गरजच नाही, खोलीत आल्याबरोबर कळतंय. काळ्याला अगदी नाक टेकवलं तरी काही नाही.

तर आता ठरलंय असं, पाकीट झिपवालंच ठेवायचं कारण पावसाळ्यात चटणीला गाठी होत नाहीत, पण वर काळं बंद, पिवळा रंग आणि लाल अक्षरं परत. किराणा काकांसारख्या आठ-दहा दुकानांत एक उघडी छोटी बरणी ठेवणार, चमच्यासकट, वासासाठी. काका, बिस्किटांपासनं लांब ठेवा, काकूंना माझा नमस्कार सांगा. ऑफर या महिन्यात शेवटची असं लिहून लावलंय, पुढं जवसाची पुडी अधनंमधनं.

मिरची पण तीच वाकडी घेतली. डिझायनर म्हणाला थोडी सरळ करू का, मी नको म्हटलो. दिराला पुण्याला फोटो पाठवला तर त्याचा मेसेज, "एवढी वर्षं वापरलीसा, आता दर महिन्याला एक किलो फुकट पाठवायची". सासूबाई म्हणाल्या दोन पाठव.

गंगावेस_कट्टा

पत्ता द्या ताई, मी पण लहानपणी मिरची काढायचो.