विषय: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे, ही जाहिरात खरी वाटते का?

नमस्कार मंडळी,

यंदा मास्टर्ससाठी परदेशात, तुमच्याकडे येते आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही आणि प्रतीक्षायादीतही मी बरीच खाली आहे. गेले 3 आठवडे रोज रात्री जाहिराती चाळते आहे. काल एक खोली सापडली. कॅम्पसपासून चालत 10 मिनिटं, सगळं फर्निचर आहे, वीज-पाणी-इंटरनेट भाड्यातच, आणि भाडं आसपासच्या खोल्यांच्या जवळपास निम्मं. घरमालक नोकरीसाठी दुसऱ्या देशात असतात, त्यामुळे घर दाखवता येणार नाही म्हणाले. अनामत आणि पहिलं भाडं पोचलं की किल्ली कुरिअरने पाठवतील. आणखी दोघी विचारताहेत, तेव्हा परवापर्यंत कळवायचं आहे.

बाबा म्हणतात, पैसे भरून टाक, हातची जायला नको. त्या भागात कुणी राहत असेल तर कृपया सांगाल का?

नवी सभासद

—

पुन: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे

अगं, पैसे पाठवू नकोस. परवाची मुदत जाऊ दे.

विद्यार्थी-मदतीचं काम बघते, त्यामुळे ही गोष्ट दरवर्षी माझ्यापर्यंत येते आणि बहुतेक वेळा पैसे गेल्यावरच येते. तू लिहिलेलं एकेक वाक्य ओळखीचं आहे: मालक परदेशात, किल्ली कुरिअरने, भाडं निम्मं, मागे आणखी दोघी. फोटो बहुधा विक्रीच्या एखाद्या खऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात. ते इमेज सर्चमध्ये टाकून बघ, तेच घर दुसऱ्याच गावात आणि दुसऱ्याच किमतीला निघतं का ते कळेल. काही निघालं नाही तरी निश्चिंत होऊ नकोस, नवे फोटो काढणारेही असतात.

खरा मालक स्वतः लांब असला तरी शेजारी, एजंट किंवा आत्ताचा भाडेकरू यांच्यापैकी कुणाला तरी सांगून दार उघडून देऊ शकतो. व्हिडिओ कॉल लावायला सांग. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. तू म्हणशील तेव्हा नळ सोडायचा, खिडकी उघडायची, बाहेर येऊन घराचा क्रमांक दाखवायचा. एवढ्याला जो कारणं सांगतो त्याच्याकडे किल्लीच नाही असं समज.

पैसे कसे मागितलेत तेही बघ. वायर ट्रान्सफरने (थेट बँक खात्यात) किंवा रोख पोचवणाऱ्या सेवेने गेलेली रक्कम एकदा उचलली गेली की परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं. आणखी एक प्रकार आहे. समोरचा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे परत मागतो. बँक खात्यात रक्कम दाखवते, पण चेक खोटा असल्याचं उघड व्हायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि तोवर तू पाठवलेले पैसे गेलेले असतात.

बाबांची काळजी मला कळते. मुलीला उतरल्यावर छप्पर असावं, एवढंच त्यांच्या मनात आहे. पत्ता या मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर टाकू नकोस, मला वेगळ्या मेलने पाठव. आपल्यातलं कुणीतरी जाऊन बघेल.

ताई

—

पुन: पुन: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे

ताईंनी फसवणुकीचं सांगितलंच आहे. मी खऱ्या घराबद्दल आणि खऱ्या मालकाबद्दल लिहितो, कारण माझं नुकसान तिथे झालं.

आम्ही चौघांनी मिळून एक घर घेतलं. एकच करार, चौघांच्या सह्या. पहिलं सत्र संपल्यावर एकजण विद्यापीठ बदलून निघून गेला. माझी समजूत अशी की त्याचा पाव हिस्सा मालक त्याच्याकडून घेईल. मालकाने तो आम्हा तिघांकडे मागितला, आणि करारानुसार त्याचं बरोबरच होतं. 'सर्व भाडेकरू संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार' असं एक वाक्य त्यात होतं. ते मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. पूर्ण भाडं कुणा एकाकडूनही वसूल करता येतं, असा तो अर्थ. नवा माणूस मिळेपर्यंत 5 महिने आम्ही तिघांनी तो हिस्सा भरला. मी त्या काळात घरून पैसे मागवले, आणि ते मागतानाचा फोन अजून आठवतो. अनामतही सगळ्या घराची मिळून एकच होती, त्यामुळे ज्या खोलीची भिंत खराब झाली तिचा खर्चही सगळ्यांच्या रकमेतून गेला.

म्हणून खोली आवडली की पहिला प्रश्न हा विचार: करार माझ्या खोलीपुरता आहे की सगळ्या घराचा? खोलीपुरता असेल तर भाडं थोडं जास्त असलं तरी मी तोच घेईन. घराचा असेल तर सोबत कोण आहेत ते नीट माहीत हवं. बाबा गॅरेंटर म्हणून सही करणार असतील तर त्यांची हमी तुझ्या हिश्शापुरती आहे असं लिहून घे. तसं लिहिलेलं नसेल तर अनोळखी मुलांच्या भाड्याची हमीसुद्धा त्यांच्यावर येऊ शकते.

मुदतही मोजून बघ. शिकवणी साधारण 9 महिने, करार अनेकदा 12 महिन्यांचा. सुट्टीत तू घरी गेलीस तरी भाडं चालू राहतं. सबलेट करता येतं का, म्हणजे मधल्या काळात खोली दुसऱ्या कुणाला भाड्याने देता येते का, ते आधीच विचार, कारण बऱ्याच करारांत त्यासाठी मालकाची लेखी परवानगी लागते. आणि सबलेट दिलं तरी त्या माणसाने पैसे थकवले तर मालक तुझ्याकडेच येतो.

पीएचडीवाला दादा

—

पुन: पुन: पुन: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे

थोडं माझंही. तळघरातली खोली असेल तर खिडकीतून माणूस बाहेर पडू शकतो का ते बघायला सांग, आग लागली तर दुसरी वाट तीच असते. धुराचा अलार्म वाजवून घ्यायचा. गॅसवरचं हीटिंग असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा, कारण त्या वायूला रंग नसतो, वास नसतो. मागच्या वर्षभराची हीटिंगची बिलं मागून घे. किल्ली मिळाल्यावर सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, गादीचे, बाथरूमच्या कोपऱ्यांचे फोटो काढ, मीटरचं रीडिंगही टिप, आणि त्याच दिवशी ते मालकाला मेल कर. अनामत परत मागताना दाखवायला तेवढंच हाती असतं.

काकू

—

पुन: पुन: पुन: पुन: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे

ताई, दादा, काकू,

ताईंनी पाठवलेले काका काल त्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे एक वयस्कर जोडपं कित्येक वर्षं राहतं आहे. घर त्यांचं स्वतःचं आहे आणि ते भाड्याने देण्याचा विचारही त्यांनी कधी केलेला नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तुमच्या सगळ्या मेल त्यांनी स्वतः वाचल्या.

विद्यापीठाच्या हाउसिंग ऑफिसच्या यादीतून दुसरी एक खोली मिळते आहे. शिकणाऱ्या तिघीजणी तिथे आधीपासून राहतात, त्यांच्यातली चौथी मुलगी पदवी घेऊन निघते आहे. शनिवारी त्यांच्यापैकी एक जण व्हिडिओवर घर दाखवणार आहे. अलार्म वाजवून दाखवायला मी आधीच सांगून ठेवलं आहे. करार खोलीपुरता आहे की घराचा, हे त्यांनाही सांगता आलं नाही, म्हणून प्रत मागवली आहे. ती आली की इथे पाठवू का?

—

पुन: पुन: पुन: पुन: पुन: कॅम्पसबाहेर खोली हवी आहे

पाठव. नावं आणि पत्ता झाकून पाठव, आणि आम्ही वाचून कळवेपर्यंत सही करू नकोस. त्या तिघींनाही विचार, त्यांच्या करारात काय लिहिलंय ते त्यांना समजून घ्यायचं असेल तर त्यांचंही वाचू.

ताई