मुलांची रांग, मुलींची रांग : नागपूरच्या शाळेतले तुमचे अनुभव

रेवती_धंतोली

१९ एप्रिलला मतदानाला गेले होते. केंद्र नेमकं माझ्याच शाळेत आलं, खोली क्रमांक ७. म्हणजे आमची पाचवी 'ब'. सकाळचे साडेआठ, तरी ऊन चटके देऊन राहिलं होतं. व्हरांड्यात दोन रांगा, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मी डावीकडे जाऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, प्रार्थनेलाही आम्ही इथेच, याच बाजूंना उभे असायचो.

पलीकडच्या रांगेतला एक पांढऱ्या केसांचा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "तुमचा नंबर ४१ होता नं?"

हजेरीत आधी सगळी मुलं, मग सगळ्या मुली. मुली ३५ पासून सुरू. मी ४१, तो १७. दहा वर्षं एका वर्गात काढली आणि आमच्यातलं पहिलं वाक्य हे. रांग सरकली, तो आत गेला. मी बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता. घरी येऊन दिवसभर तेच डोक्यात.

शाळा खासगी संस्थेची, मराठी माध्यम. महाल भागातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत सुरू झाली, मग शहराची आखणी बघणाऱ्या सुधार प्रन्यासची जागा मिळाली, असं बाई सांगायच्या. वडिलांनी ती निवडली कारण भाऊ आणि मी एकाच सायकलरिक्षात जाऊ शकत होतो. एकत्र शाळा, पण किती एकत्र? तुमच्या शाळेत कसं होतं? लिहा.

खामल्याची_निशा

जिने वेगळे. मुलींचा पूर्वेकडचा. मुलांच्या जिन्याने आलं की दंड नव्हता, पण बाई फक्त बघायच्या. ते पुरे होतं.
कुकर लावलाय, नंतर लिहिते.

तर्रीपोहे

आमच्याकडे गप्पा मारणाऱ्याला शिक्षा म्हणजे मुलींच्या बाकावर नेऊन बसवायचे. मी आठवीत तीन महिने तिथेच होतो. त्या तीन महिन्यांत भूमिती समजली, कारण शेजारची मुलगी न बोलता वही माझ्याकडे सरकवायची. ताई, तू कुठेही असशील, फार फार आभार.

रेवती_धंतोली

@तर्रीपोहे, वाचून डोळे भरले रे.

बाबूजी_७५

दहावीची पहिली बॅच आमची, १९७५. त्याआधी मॅट्रिक अकरावीला होती.

माझे वडील अशाच एका खासगी शाळेत शिक्षक. नाव घेत नाही. रजिस्टरवर सही एका रकमेवर आणि हातात त्याहून कमी, हे मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. तक्रार केली की चिठ्ठी हातात, उद्यापासून येऊ नका. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आला, शाळा न्यायाधिकरण आलं, तेव्हा कुठे शिक्षकाला दाद मागायला जागा झाली. वडिलांनी त्या दिवशी घरी पेढे आणले होते.

आणि तेच वडील दिवाळीच्या सुट्टीत सायकलवर हिंडून शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी वर्गणी गोळा करत. गोकुळपेठ, सीताबर्डी, इतवारी. एका धान्याच्या व्यापाऱ्याने पैसे न देता विटा दिल्या. आपल्या शाळा अशा उभ्या राहिल्या आहेत, मुलांनो. संस्थाचालकांचे फोटो ऑफिसात लागतात, त्या विटा वाहणाऱ्यांचे नाही.

खामल्याची_निशा

काका, नमस्कार तुमच्या वडिलांना 🙏

जुनापाणी

थोडं मागचं सांगतो. बिशप कॉटन शाळा १८६२ ची. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. इथे भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून शाळा चालवणारे लोक आहेत. पुढे डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराचा ठराव झाला, सरकारी शाळांवर बहिष्कार घाला म्हणून हाक आली. आपल्या लोकांनी आपल्या शाळा काढाव्यात ही ओढ त्या काळाची आहे.

हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले प्राचीन दगड, बघून परतताना नदीत बुडाले. शाळेच्या सहलीला आम्हाला जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवली तेव्हा इतिहासाच्या सरांनी हे त्या दगडांमध्ये उभं राहून सांगितलं होतं. बसमध्ये पुढे मुली, मागे मुलं. पण त्या दिवशी सगळे एकत्र त्या दगडांवर बसून डबे खात होते आणि कुणी काही म्हटलं नाही.

विदर्भकन्या_पुणे

टाकळघाट माझं आजोळ!! नदीचं नाव काढलं नं, अंगावर काटा आला. पावसाळ्यात आजी आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही.

सुमेध_जरीपटका

आमच्या शाळेत हिंदीवाले आणि मराठीवाले पोट्टे एकाच मैदानात. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याचं उरलेलं सगळं आमच्या मधल्या सुट्टीत ऐकू यायचं. भांडण हिंदीत, समेट मराठीत.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. घरी सांगायचे, मुलगा असो की मुलगी, शाळा सोडायची नाही. आत्या आणि बाबा एकाच वर्गात बसले, आत्याला एक वर्ष उशिरा घातलं होतं म्हणून. मॅट्रिकला आत्याचे मार्क जास्त. आजोबांनी वस्तीत बुंदी वाटली आणि बाबांनीच ती घरोघर नेऊन दिली.

तर्रीपोहे

सुमेधभाऊ, क्या बात!

मुग्धा_मानेवाडा

मला लाकूडकाम शिकायचं होतं. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना रंधा, करवत, आम्हाला शिवण. मी सातवीत अर्ज लिहिला, मुख्याध्यापिकांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नियम नाही गं." त्या वाईट नव्हत्या. पण आज माझ्या घरातली सगळी कपाटं मी स्वतः बसवते आणि दर वेळी तो अर्ज आठवतो. त्या वयात "नाही" ऐकलेलं फार खोल जातं.

रेवती_धंतोली

मुग्धा, शिवणात मुलांना घ्या असं कधी कुणी म्हटलंच नाही. माझ्या भावाला अजून बटण लावता येत नाही.

खामल्याची_निशा

आले परत. २६ जून कुणाला आठवतो? तेव्हा बाकी महाराष्ट्राच्या शाळा १५ जूनला सुरू व्हायच्या, आपल्या विदर्भाच्या उन्हामुळे २६ ला. मुंबईची मामेभावंडं शाळेत आणि आम्ही कूलरसमोर आंबे खात. वाळ्याच्या ताट्यांचा तो वास 😌

विदर्भकन्या_पुणे

निशा, वास म्हटलं तर सांबार! पुण्यात भाजीवाल्याला म्हटलं, एक जुडी सांबार द्या. तो बघतच राहिला. कोथिंबीर म्हणायला शिकले, पण तोंडात बसत नाही गं.

तर्रीपोहे

सांबारवडी खाऊन किती दिवस झाले ते सांग फक्त.

विदर्भकन्या_पुणे

नको नं विचारू.

अजनीचा_आनंद

मी २५ टक्क्यांमधून शिकलेला. शिक्षण हक्काच्या कायद्यात खासगी शाळांना पहिल्या वर्गाच्या एवढ्या जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आई पोळ्यांची कामं करायची. त्या शाळेत मुलं-मुली खुशाल बोलायचे, तुमच्यासारख्या रांगा नव्हत्या. आमच्याकडे रांग दुसरीच होती. वाढदिवसाला कोण कोणाला बोलावतं, तिथे कळायची. एका मुलीने मला पाचवीत बोलावलं. तिच्या आजीने मला दोनदा पुरणपोळी वाढली आणि कुठे राहतोस हे विचारलं नाही. ही आठवण माझ्या शाळेची सगळ्यात चांगली आहे.

बाबूजी_७५

आनंद बेटा, हे वडिलांना वाचून दाखवतो आज. ९३ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, मोठ्याने वाचावं लागेल.

मुग्धा_मानेवाडा

रेवती, रुळाच्या तुकड्याची घंटा अजून आहे का गं तिथे? जिन्याखाली? माझीही तीच शाळा असावी असं आता वाटून राहिलं. खोली ७ च्या बाहेर कडुनिंब होता नं?

रेवती_धंतोली

हो!! कडुनिंब आहे. घंटा आहे, पण शेंदरी रंग दिलाय. फोटो काढला असता, केंद्रात मोबाईल नेऊ देत नव्हते. तुझा नंबर कितीचा होता?

मुग्धा_मानेवाडा

५२. पण तुझ्यानंतर चार वर्षांनी असेन. मुली तेव्हा ३८ पासून सुरू.

खामल्याची_निशा

ही शाळा माझ्या भाचीच्या घरामागे आहे. उद्या तिच्याकडे चाललेच आहे, फाटकातून घंटा दिसली तर फोटो टाकते.

तर्रीपोहे

कडुनिंबाचा पण काढ.