मान्यवर, मानकरी की राखीव? पहिल्या रांगेच्या खुर्चीला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक शब्द हवाय. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाच्या कार्यक्रमाला या वेळी फतेहगंजच्या ईएमई स्कूल या लष्करी प्रशिक्षण संस्थेतले एक मोठे अधिकारी, ब्रिगेडियर साहेब, येणार आहेत, कलेक्टर हापिसातूनही कुणीतरी आहे, तर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर मराठीत काय पाटी लावायची? मांडववाला म्हणतो व्हीआयपी लिहा नि मोकळे व्हा. गुजरातीत 'अनामत बेठक' सरळ चालतं पण मराठीत ते लिहिलं तर पुण्याहून आलेले पाहुणे विचारतील की डिपॉझिट कुठे भरायचं आणि मीटिंग किती वाजता आहे.

–––

हा हा, अनामत बरोबर पकडलंत. शब्द तोच, मूळ अरबीच, पण गुजरातीत तो राखून ठेवण्याकडे गेला आणि आपल्याकडे निवडणुकीत जप्त होणाऱ्या रकमेकडे. बेठकचंही तसंच, तिकडे विधानसभेची बेठक म्हणजे जागा, आपली बैठक म्हणजे एकतर मीटिंग नाहीतर लोड-तक्क्यांची बिछायत. सरळ 'राखीव' लिहा ना, काय अडचण आहे?

–––

अडचण आहे. 'राखीव जागा' म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा नोकरी आणि कॉलेजची ॲडमिशन येते, मग राखीव जंगल, राखीव पोलीस, राखीव खेळाडू. म्हणजे कुणासाठी तरी नियमाने बाजूला ठेवलेलं, एवढाच अर्थ त्यात आहे, उच्च दर्जाचा त्यात वासही नाही. एसटीत कंडक्टरसाठी पण सीट राखीव असते. त्यामुळे ब्रिगेडियर साहेबांच्या खुर्चीवर नुसतं राखीव लिहिलं तर चूक काही नाही पण कोण बसणार ते कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो बसतो.

–––

आपलं बडोदं असताना शब्द शोधायला बाहेर कशाला जायचं, 'मानकरी' आहे की! गायकवाडी दरबारात सरदार, मानकरी, शिलेदार, दरकदार अशी प्रतवारीच होती, आणि कोण कुठे बसणार हे त्यावरून ठरायचं. शिवाय 'ताजीम' असायची, म्हणजे अमक्या माणसाने प्रवेश केला की त्याच्या मानासाठी उठून उभं राहायचं, ज्याला हा मान तो ताजिमी सरदार. आणि सगळ्यात वरची जागा खुर्ची नाहीच, ती गादी. लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये अजून गादी हॉल दाखवतात. तिथल्या दरबार हॉलमध्ये राजघराण्यातल्या बायकांसाठी वर जाळीचे झरोके आहेत, ती पण एक प्रकारे राखीव जागाच, फक्त तिला कुणी तसं म्हटलं नसेल. तर माझं मत, 'मानकऱ्यांसाठी' लिहा.

–––

काका, शब्द सुंदर आहे पण इथे बसत नाही. मानकरी हा घराण्याने चालतो. आजोबा मानकरी तर नातू पण मानकरी, पंगतीतलं मानाचं पान असो की पालखीचा मान, तो पिढीजात. फौजेत आणि सरकारात नेमकं उलट, जागा हुद्द्याची असते, माणसाची नाही. जनरल साहेब रिटायर झाले की पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर दुसरे, आणि त्यांच्या मुलाला तिथे बसायचा काही हक्क नाही. लष्करी गाड्यांवर ताऱ्यांची पाटी असते ना, ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार, ती पाटी सुद्धा साहेब गाडीत नसतील तेव्हा झाकून ठेवतात. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन भाजी आणायला निघाला तर तारे मिरवत जाता येत नाही. एवढं काटेकोर असताना त्याला मानकरी म्हणणं म्हणजे उगाच इनाम दिल्यासारखं.

–––

हुद्द्यावरून आठवलं, केंद्र सरकारचा २६ जुलै १९७९ चा अग्रक्रमाचा आदेश आहे, मराठीत मानक्रम पण म्हणतात. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, तिन्ही सेनादलांचे प्रमुख बाराव्या नंबरवर, आणि यादी संपते २६ व्या नंबरवर जिथे मेजर जनरल आणि जॉइंट सेक्रेटरी येतात. म्हणजे तुमचे ब्रिगेडियर त्या यादीत मुळात नाहीतच! आणि तो क्रम फक्त सरकारी समारंभांपुरता, रोजच्या कामकाजाला लागू नाही, तेव्हा दांडिया बाजारात कुणाला कुठे बसवायचं हे तुमचं तुम्हीच ठरवा, दिल्लीहून कुणी विचारणार नाही. या सगळ्या प्रकाराला मराठीत राजशिष्टाचार म्हणतात, पाटीवर मात्र तो मावणार नाही.

–––

आणि व्हीआयपीसाठी 'अतिविशिष्ट' तर नकोच प्लीज. हिंदीतून आलेला आहे, तिकडे 'विशिष्ट अतिथी' म्हणजे मोठा पाहुणा, आपल्याकडे विशिष्ट म्हणजे ठराविक. 'विशिष्ट लोकांसाठी' अशी पाटी वाचून मला तरी वाटेल की काहीतरी गडबड आहे. हिंदीतला 'दीर्घा' पण तसाच, आपण गॅलरी म्हणतो किंवा सज्जा.

–––

मग 'मान्यवर' का नाही? तो हुद्द्याचा पण नाही, घराण्याचा पण नाही. स्टेजवरून 'व्यासपीठावरील मान्यवर' ऐकून ऐकून झिजलाय हे खरं, तरी अर्थ लगेच कळतो ने.

–––

ताई, झिजलाय म्हणूनच चालेल, पाटीला नवाकोरा शब्द नकोच, लांबून येणाऱ्याने न थांबता वाचला पाहिजे. तर असं करतो, रांगेच्या टोकाला एक 'मान्यवरांसाठी राखीव' आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर माणसाचं नाव न घालता फक्त पद, कारण आयत्या वेळी साहेबांच्या बदल्यात दुसरे आले तरी कार्ड बदलायला नको. काकांसाठी एक खुर्ची मानकरी म्हणून ठेवतो, ताजीम मात्र मिळणार नाही.

–––

खाली छोट्या अक्षरात गुजरातीत पण लिहा हं, खुर्च्या लावणारी मुलं मराठी वाचत नाहीत, गेल्या वर्षी पहिली रांग त्यांनीच भरली होती.