दुधाच्या दाढेला लहान मुलांचाच डेंटिस्ट लागतो का?

खानापूरची_आई:
मुलगा पाच वर्षांचा. खालची मागची दुधाची दाढ किडलीय, रात्री ठणकते. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून "बेळगावला लहान मुलांच्या डेंटिस्टकडे न्या" म्हटलं. दाताचा डॉक्टर तो दाताचाच ना? आणि नाहीतरी पडणारीच दाढ, काढून टाकली तर काय बिघडतं?

दंतवैद्य_निपाणी:
ताई, बीडीएस ही दंतवैद्यकाची पहिली पदवी दोघांचीही असते. बालदंतवैद्य त्यावर तीन वर्षं लहान मुलांच्या दातांच्या विषयात एमडीएस (पदव्युत्तर पदवी) करतो. बीडीएसवाल्याला मुलांवर उपचार करायला मनाई नाही. साधं फिलिंग, हलणारा दात काढणं गावातच होतं.

तुमची केस तेवढी साधी वाटत नाही. दुधाच्या दाढेचं इनॅमल पातळ आणि नस मोठी, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. नस फक्त वरच्या भागात बिघडली असेल तर तेवढीच काढतात, ओल्या कापसाने काही मिनिटं दाबून रक्त थांबतं का बघतात, मग उरलेल्या नसेवर एमटीए नावाचं दाताचं सिमेंट लावतात. ही पल्पोटॉमी. रक्त थांबलंच नाही तर मुळांतली नसही गेली असं धरायचं आणि पल्पेक्टॉमी करायची, म्हणजे मुळांतली नसही काढून आत भरायचं. आपोआप रात्री ठणकणाऱ्या दाढेत बहुधा हीच वेळ येते.

इथेच चूक होते. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात. दुधाच्या दाढेचं मूळ पुढे विरघळायचं असतं, गटापर्चा विरघळत नाही, आणि खालून येणारा कायमचा दात अडतो किंवा वाकडा येतो. म्हणून झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची विरघळणारी पेस्ट भरतात. वर स्टीलची तयार टोपी. ती दाढेबरोबरच पडते. नुसतं फिलिंग करून सोडलं तर पोकळ झालेली दाढ तुटते.

काढायचं म्हणाल तर मागची दुधाची दाढ 10 ते 12 व्या वर्षी पडते. त्याआधी सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे कायमची दाढ येते, आणि पुढे जागा रिकामी दिसली की तिकडे सरकते. मग खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरत नाही. काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर, म्हणजे ती जागा राखून ठेवणारी पट्टी, बसवून घ्या. त्याचं सिमेंट सुटतं, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

पेडो_टिळकवाडी:
वरच्यांनी सगळं सांगितलंय. भर एवढीच, की भुलीचं औषध वजनावर ठरतं. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलीत 20 मिलिग्रॅम असतं आणि कमाल डोस किलोमागे 4.4 मिलिग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या पोराला तीन मिलीच्या आसपास संपलं. वजन न विचारता सुई हातात घेणाऱ्याला आधी थांबवा. भूल उतरेपर्यंत, दोन-तीन तास, ओठ-गाल चावून घेतो का लक्ष ठेवा. सुजलेला ओठ बघून पालक इंजेक्शनची रिॲक्शन समजतात.

पोराला घरी "दुखणार नाही" सांगू नका. दुखलं की पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. आम्ही आधी सांगतो, मग दाखवतो, मग करतो. सकाळची वेळ घ्या, दुपारी झोपेला आलेलं पोर कोणाचंच ऐकत नाही. (भिंतीवरची कार्टून बघून डॉक्टर निवडू नका, पाटीवर एमडीएसचा विषय बघा.)

खानापूरची_आई:
कॉलेजात दाखवलं तर चालेल का? पोराला कन्नड येत नाही ओ.

दंतवैद्य_निपाणी:
चालेल की. केएलईचं आणि मराठा मंडळचं, दोन्ही डेंटल कॉलेजं बेळगावातच आहेत. केस पेपर काढताना 'पेडो', म्हणजे लहान मुलांच्या दातांचा, विभाग सांगा. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो आणि फेऱ्या वाढतात. मराठी बोलणारा विद्यार्थी द्या म्हणून काउंटरवरच मागा. पोराला समजेल त्या भाषेत सांगितलं नाही तर अर्धं काम अडतं. एक्स-रे सोबत न्या. गाल सुजला, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी निघा, फक्त गोळ्यांवर ठेवू नका.