सोसायटी ग्रुप: बेसमेंट, लायसन्स आणि फॉर्म १ए

मेघना बी-३०२: नमस्कार. काल संध्याकाळी सातच्या सुमारास बेसमेंटमध्ये पुन्हा तेच झालं. गाडी रिव्हर्समध्ये थेट पिलरपर्यंत आली. माझी ईशा तिथेच सायकल काढत होती, हाताला धरून ओढली म्हणून वाचली. गणपतीत झालं तेव्हा सगळे "जाऊ दे" म्हणालो. आता मी तसं म्हणणार नाही.

नीलिमा ए-३०१: वळणावर गोल आरसा बसवा, हे मी मार्चपासून सांगतेय.

शिरीष काका ए-१०४: गाडी माझी होती. मुलगी दिसली नाही. रात्री तुमच्या घरी येऊन माफी मागितली आहे. पण गणपतीचा विषय परत कशाला? तेव्हा कुंडी रस्त्यात ठेवली होती, आणि कुणी ठेवली तेही ठाऊक आहे.

पराग सी-५०१: कुंडी अजून आयसीयूत आहे 😄

सावंत (सेक्रेटरी): पराग, कृपया.

शिरीष काका ए-१०४: माझं लायसन्स दोन वर्षांपूर्वी ७२व्या वर्षी रिन्यू झालंय, ५ वर्षांसाठी. मेडिकल सर्टिफिकेट जोडूनच. सरकारने फिट म्हटलंय.

डॉ. वैशाली सी-२०१: काका, राग मानू नका. चाळिशीनंतर लायसन्सला मेडिकल सर्टिफिकेट म्हणून फॉर्म १ए लागतो. त्यात डॉक्टरने लिहून द्यायचं असतं की २५ मीटरवरची नंबर प्लेट चष्म्यासह वाचता येते, लाल-हिरवा ओळखता येतो, ऐकू नीट येतं, रातांधळेपणा नाही. तुमचं यातलं काय काय तपासलं होतं?

शिरीष काका ए-१०४: बीपी बघितलं. बाकी फॉर्म एजंटने भरूनच दिला होता.

डॉ. वैशाली सी-२०१: मला हेच म्हणायचंय. लोक लिफ्टमध्ये फॉर्म पुढे करतात, "मॅडम, एक सही". तपासल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून आपल्याच बिल्डिंगमधली काही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. चालेल मला. त्या सहीवर पुढची ५ वर्षं माणूस गाडी चालवतो.

राजेश ए-४०२: हे मला उद्देशून आहे का?

डॉ. वैशाली सी-२०१: मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

राजेश ए-४०२: ज्येष्ठांच्या मागे लागण्यापेक्षा गेटवर राँग साइडने येणारे डिलिव्हरीवाले थांबवा.

मेघना बी-३०२: राजेशजी, तुमचा दहावीतला मुलगा रोज ११० सीसीची स्कूटर घेऊन क्लासला जातो. तेही थांबवा मग.

राजेश ए-४०२: मुलांना मध्ये आणायचं नाही. १६ पूर्ण आहेत त्याला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं.

ॲड. पाटील बी-१०१: ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीसाठी. ११०ला १८च लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ वाचा. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

राजेश ए-४०२: हा मेसेज डिलीट केला आहे

नाना बी-५०२: *फॉरवर्डेड* 🚨 १ जूनपासून आरटीओची टेस्ट बंद!! आता कोणतंही ड्रायव्हिंग स्कूल लायसन्स देणार!! सर्वांना पाठवा

ॲड. पाटील बी-१०१: नाना, हे २०२४चं आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून पास झालं तर टेस्टमधून सूट मिळते, तो नियम १ जुलै २०२१ पासूनचा आहे. लायसन्स आरटीओच देतं.

नाना बी-५०२: माहितीसाठी टाकलं होतं 🙏

नीलिमा ए-३०१: आरशाचं कोटेशन परत टाकतेय.

अनघा (ए-१०४, सध्या लीड्स, इंग्लंड): आत्ता वाचलं. मेघना, ईशा ठीक आहे ना? बाबा, इकडे सत्तरीला लायसन्स संपतं, मग दर ३ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. आपल्याला काय त्रास आहे ते स्वतःच लिहून द्यायचं असतं. समोरून गाडी आली की दिव्याचा फुलबाजा दिसतो, असं तुम्ही मला दिवाळीत म्हणाला होतात. ते कुठल्या डॉक्टरला सांगितलंत?

शिरीष काका ए-१०४: अनघा, हे घरी बोलू.

अनघा: घरी तुम्ही फोन आईकडे देता.

ॲड. पाटील बी-१०१: कायद्याचं सांगतो. वयाची वरची मर्यादा नाही आणि सोसायटी कुणाला गाडी चालवण्यापासून अडवू शकत नाही. मात्र कलम १६खाली, आजारामुळे माणूस अयोग्य झालाय असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन्सिंग अधिकारी मधेच मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो.

शिरीष काका ए-१०४: म्हणजे आता माझी तक्रार करणार? टँकरसाठी महापालिकेच्या दारात कोण उभं राहत होतं, तेव्हा यातले निम्मे इथे राहायलाही आले नव्हते.

मेघना बी-३०२: काका, टँकरचं कुणी विसरलेलं नाही. तक्रार मी करणार नाही. पण ईशा सात वर्षांची आहे, ती पिलरमागूनच पळत येणार. तुम्हाला ती दिसली पाहिजे एवढंच मागतेय.

पराग सी-५०१: टेपने मोजलं. गेटपासून सी विंगच्या पायरीपर्यंत बरोबर २५ मीटर. काका, उद्या सकाळी खाली या, माझीच प्लेट वाचा.

*दुसऱ्या दिवशी*

शिरीष काका ए-१०४: वाचली. पूर्ण. शेवटचा ८सुद्धा. पराग साक्षीला होता.

पराग सी-५०१: खरंय 👍

डॉ. वैशाली सी-२०१: छान. पण दहाच्या उन्हात. फॉर्ममध्येही "चांगल्या उजेडात" असंच लिहिलंय, आणि प्रसंग घडला संध्याकाळी सातला. मोतीबिंदू असेल तर दिवसा अक्षर दिसतं, हेडलाइट समोर आला की सगळं पसरतं. आता तो पिकायची वाट बघत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या, आणि त्या फुलबाज्याचं स्वतः सांगा. त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, थेंबांनी काही तास धूसर दिसतं.

अनघा: शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. पराग सोडेल म्हणालाय.

शिरीष काका ए-१०४: मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं. जातो. तोवर दिवेलागणीनंतर गाडी काढणार नाही. पण कुंडी रस्त्यात होती, हे मिनिट्समध्ये आलं पाहिजे.

सावंत (सेक्रेटरी): नोंद घेतली. रविवारी ११ वाजता सभा. विषय: आरसा, बेसमेंटचे दिवे, अल्पवयीन मुलांच्या गाड्या.

राजेश ए-४०२: तिसरा विषय काढा.

मेघना बी-३०२: राहू द्या.

नीलिमा ए-३०१: आरसा सिंकिंग फंडातून की मेंटेनन्समधून, तेवढं आधी सांगा.