दाराचे हँडल तुटले: घरी बसवावे की फिटरकडे न्यावे?

मागच्या रविवारी कोल्हापुरात रंकाळ्यावरून परतताना आमच्या गाडीच्या चालकाकडील दाराचे बाहेरचे हँडल हातातच आले. तेव्हापासून दुसऱ्या बाजूने आत शिरून हे दार उघडावे लागते. गाडी गॅरेजमध्ये द्यावी की सुटीच्या दिवशी हँडल स्वतःच बसवावे, हे माझे ठरत नाही. ज्यांनी हे काम केले आहे, किंवा करायला घेऊन मध्येच सोडले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. नेमके काय तुटले होते आणि ते कसे ओळखले, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे.

राजारामपुरीतून आलेले उत्तर

माझ्या गाडीचे हँडल आतले पॅनेल न उघडता निघाले. दार उघडल्यावर कडेला, लॉकच्या वरच्या बाजूस एक रबरी बूच होते आणि त्यामागे स्क्रू होता. तो सैल करून चावीकडचा तुकडा बाहेर घेतला, हँडल मागे सरकवले आणि ते सुटले. स्क्रू दाराच्या पोकळीत पडू नये म्हणून चुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला. वेळ अर्धा तासही लागला नाही. हँडल काळे असेल तर काम इथेच संपते. गाडीच्या रंगाचे हवे असेल, तर रंगाचा क्रमांक पाहून ते आधी रंगवून घ्यावे लागते.

मंगळवार पेठेतून आलेले उत्तर

माझ्या गाडीचे पॅनेल उघडावे लागले आणि तिथेच मी चुकलो. काच आणि पत्रा यांच्यामधून पावसाचे पाणी दारात उतरते व तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते. ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मी तो फाडला आणि परत नीट चिकटवला नाही. जुलैच्या पावसात पायाखालचे कार्पेट भिजले आणि कुबट वास कित्येक दिवस गेला नाही. शिवाय हँडलपासून लॉककडे जाणाऱ्या सळईची क्लिप नीट बसली नव्हती, त्यामुळे दार लावल्यावर ते बाहेरून उघडेना. दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरने लॉकचा खटका बंद करून पाहावा, हँडल ओढल्यावर तो सुटतो याची खात्री करावी आणि मगच दार लावावे, हे मला नंतर एका फिटरने सांगितले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढे मात्र विसरू नये.

कसबा बावड्यातून आलेले उत्तर

आमचे मागचे दार आतून उघडेना, म्हणून मी नव्या हँडलची चौकशीही करून आले. बाहेरून मात्र ते व्यवस्थित उघडत होते. दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची छोटी कळ फिरलेली होती. ती पूर्ववत केली आणि दार उघडू लागले.

शिवाजी उद्यमनगरातून आलेले उत्तर

मी बरीच वर्षे गाड्यांची कामे करतो. 2019 च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या गाड्यांमध्ये हँडल हा मूळ दोष नसून लॉक गंजलेले असते, असे मी अनेकदा पाहिले. जड झालेले लॉक जोराने ओढून हँडल तुटते, आणि लॉक तसेच ठेवून नवे हँडल बसवले तर तेही फार टिकत नाही. आपल्याकडे ओतकाम आणि लेथची कामे सहज होत असल्यामुळे तुटलेला प्लॅस्टिकचा भाग धातूत करून द्या, असे काही जण सांगतात. मी ते करत नाही. बाजूने धडक बसल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने ओढले जाऊन दार उघडू नये, म्हणून अनेक गाड्यांत त्यामागे तोल राखणारे वजन बसवलेले असते, आणि हँडल जड केले की तो हिशेब बिघडतो. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो. तिथे बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय पॅनेलला हात लावू नये.

आपण विचारलेल्या दाराबाबत एवढेच सांगतो, की हँडलच्या जागी दिसणारी आतली तरफ बोटाने ओढून पाहावी. ती हलकी लागली आणि दार उघडले, तर हँडल आणून घरी बसवण्यास हरकत नाही. जड लागली, तर आधी लॉक साफ करून घ्यावे किंवा बदलावे, आणि ते काम फिटरकडे द्यावे.