पाच वर्षांच्या आराखड्यात काय मोजायचं: गावं की ऊसतोडीच्या फडावर न गेलेली मुलं?

कोरडवाहू:
बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आहे. पुढच्या 5 वर्षांचा आराखडा लिहितोय. विश्वस्तांनी पहिलंच वाक्य दिलंय, '12 गावांवरून 60 गावांपर्यंत पोहोचणे'. माझा त्याला ठाम विरोध आहे.

दिवाळीच्या आसपास मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. गेल्या हंगामात एका मुलीचं नाव आमच्या हंगामी वसतिगृहाच्या पटावर होतं. ट्रॅक्टर निघायच्या दिवशी सकाळी तिची आई दप्तर परत करायला आली. धाकटा आठ महिन्यांचा. आईबाप पहाटे फडात गेले की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, त्याला बघणार कोण? मुलगी गेली. आमच्या अहवालात मात्र ती 'लाभार्थी' राहिली, कारण नोंदणी झाली होती.

उद्दिष्ट एकच हवं: 5 वर्षांनी या 12 गावांतून एकही शाळकरी मूल फडावर जाणार नाही.

जमाखर्च:
तळमळ कळते, पण पटत नाही. बाकीच्या 48 गावांतल्या मुलांनी 5 वर्षं थांबायचं? आणि 'एकही नाही' हे उद्दिष्ट झालं की नवस? मी संस्थांचे हिशेब बघतो. दाखवायला आकडा नसला की देणगी आटते आणि पहिली गदा कार्यकर्त्यांच्या मानधनावर येते. कंपन्यांचा सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीचा) पैसा तर त्याच वर्षात खर्चावा लागतो, तिथे 5 वर्षांचं कोण ऐकणार?

सिंदफणा:
एक दुरुस्ती. कंपनीनं 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे 3 वर्षं चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतात. पण हे सुरुवातीलाच मागून घ्यावं लागतं.

कोरडवाहू:
जमाखर्च, गडचिरोलीचं बघा. तिथल्या 'सर्च' या संस्थेनं नवजात बाळांची घरोघरी काळजी 39 गावांत सुरू केली, तुलनेला 47 गावं ठेवली. त्या 39 गावांत काम मुरू दिलं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निबंध 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 2011 मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांमार्फत देशभर नेली. थोडी गावं नीट केली म्हणूनच ती एवढी पसरली.

जमाखर्च:
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! तिथे प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू नोंदला गेला. मुलगी गेली हे तुम्हाला कळलं, कारण आई दप्तर घेऊन आली. जी आली नाही तिचं काय? 12 गावांतून किती मुलं गेली, कितव्या वर्षी, कुणासोबत, याची वही आहे तुमच्याकडे?

कोरडवाहू:
नाही. पट आहे. गेलेल्यांची यादी नाही.

सिंदफणा:
मी तिसरीत असताना भावाला सांभाळायला कोपीवर गेले होते. शाळा लांब नव्हती, गुरुजी चांगले होते. अडलं होतं ते तान्ह्या बाळापाशी. तुमच्या आराखड्यात वसतिगृहं आहेत, शिकवण्या आहेत, पण फडावर पाळणाघर कुठाय? कारखान्याशी, मुकादमाशी बोलणी कोण करणार? ते नसेल तर 12 लिहा नाहीतर 60, थोरली बहीण ट्रॅक्टरमध्ये बसणारच.

कोरडवाहू:
ताई, हे आमच्या मसुद्यात कुठेच नाही. दसऱ्याआधी 12 गावांत घरोघर फिरून यादी करतो, तान्ही बाळं असलेली घरं वेगळी काढतो. रविवारच्या बैठकीत 60 गावांच्या वाक्याआधी या यादीचं काम मांडेन.

जमाखर्च:
वहीत हंगाम संपल्यावर परत आलेल्यांचाही रकाना ठेवा. आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांत गेला नाहीत, तर मी पुन्हा भांडायला येईन.